कचेरीच्या चढावरील बाक

आधी श्रीगजाननास वंदन, मग तमाम दुखऱ्या गुडघ्यांस वंदन, की ज्यांचे योगे ही हकीकत घडली. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी जे जाहले ते लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही, लिहिल्यास रुसवे होतात. ते राज्यी सुभानराव खराडे म्हणोन शूर शिपाई होते. सरहद्दीवर सुरुंग फुटोन त्यांचा डावा पाय कामी आला, आणि सरकारने लाकडी पाय व बिल्ला देऊन घरी पाठविले. दुसरा कोणी ओसरीवर बिल्ला पुसत बसला असता. हे तसे नव्हेत. हे कचेरीत पाणीखात्याचे कारभारी जाहले, आणि कचेरी टेकडीवर, चढ ऐसा की तरण्यांस धाप लागावी, म्हणोन निम्म्या वाटेवर लिंबाखाली धोंडा होता त्यावर रोज टेकत. मग फिर्यादीही तेथेच येऊ लागले, आणि कोणी उभ्याने भांडू लागला की सुभानराव सरकोन जागा देत व म्हणत, "आधी बसा, मग बोला." बसला की निम्मे भांडण तेथेच विरे, आणि उरलेल्याचा नळ दुरुस्त होई. सांजेस त्यांचे कुटुंब हौसाबाई भाजक्या शेंगा घेऊन येत, आणि उभयतां तेथे बसोन फोलपटे उडवीत.

पुढे सुभानराव कैलासवासी जाहले. हौसाबाईंनी नगराध्यक्ष दौलतराव यांस एकच मागणे घातले, की धोंड्याजागी पाठ टेकावयास बाक करावा, लोक बसतील, त्यांस बरे वाटेल. दौलतराव उदार. त्यांनी धोंडा उखडविला, संगमरवरी बाक घडविला आणि पाठीवर सुभानरावांचे नाव कोरविले. येथवर उत्तम. मग उद्घाटनास नारळ फुटला, आणि कोणी हळदकुंकू वाहिले, आणि कोणी म्हणाले, देवमाणसाचे आसन हे, यावर बूड कैसे टेकावे? मग लोक जोडे काढोन पाया पडू लागले, मग भोवती साखळी लागली, मग अगरबत्त्या आल्या, आणि बसणारा एकही उरला नाही. धोंडा गेला तो गेलाच. म्हातारीकोतारी बाकास नमस्कार करोन उभ्यानेच धापा टाकीत वर जात. हौसाबाई हे पाहोन बहुत कष्टी जाहल्या. म्हणाल्या, "माझ्या माणसाला देव केलंत, आता त्याच्या शेजारी बसायचं कुणी?" लोक म्हणाले, मावशी, हा तर मान आहे. मानापुढे कोणाचे चालते?

पहिले पुण्यतिथीस दौलतराव बाकास दुधाचा अभिषेक करावयास निघाले. गर्दीमुळे मोटार खालीच राहिली, मग स्वारी पायी निघाली. पोट थोर, शिरी फेटा, हाती दुधाची कळशी, आणि मागे बँड. लिंबापाशी पोहोचतां तोंड लालबुंद, शब्द फुटेना. पाहतात तो हौसाबाई साखळी सोडवोन बाकावर ऐसपैस बसलेल्या, ओटीत शेंगा. बँड थांबला. भटजी म्हणाले, "अहो मावशी, उठा, पाप लागेल." दौलतरावही काही बोलावयास गेले, परंतु दमच नाही. तेव्हां हौसाबाई सरकल्या आणि शेजारची जागा थोपटोन म्हणाल्या, "दौलतराव, आधी बसा, मग बोला."

तो बोल धोंड्यापाशी न ऐकिलेला तेथे कोणी नव्हता. खुद्द दौलतरावही, नगराध्यक्ष होण्याआधी, नळासाठी भांडावयास येऊन तो ऐकोन गेले होते. त्यांनी भटजींकडे पाहिले, बाकाकडे पाहिले, आणि गुडघे तर आधीच मुडपले होते. धप्पदिशी बसले. हौसाबाईंनी मूठभर शेंगा दिल्या. दम परतला तेव्हां म्हणाले, "मावशी, काय बोलणार होतो तेच विसरलो."

"सगळ्यांचं असंच व्हायचं," हौसाबाई म्हणाल्या.

मग भटजी टेकले, मग बँडवाले आळीपाळीने टेकले, आणि अभिषेकाचे दुधाचा तेथेच चहा जाहला.

पुढले मासी हौसाबाई शेंगा घेऊन चढ चढोन आल्या, तो बाक खच्चून भरलेला, फोलपटांचा सडा, आणि दोघे नळावरोन भांडत होते, परंतु बसोन. एक म्हातारा उठू लागला, "मावशी, तुम्ही बसा."

"नको, बसा तुम्ही," त्या म्हणाल्या, आणि लिंबास टेकोन उभ्या राहिल्या. गुडघे ठणकत होते, डोळे भरले होते, आणि त्या हसत होत्या.

एवढी हकीकत. सुभानरावांचे कोरलेले नाव लोकांच्या पाठी घासोन पुसट होत चालले आहे, त्यास कोणाची हरकत नाही. वाचणारांचे गुडघे कुशल असोत.