आदित्यवारच्या पत्रांची बखर

श्री. लिहिणाराची लेखणी न अडो, वाचणाराचा धीर न सुटो, आणि ज्यांची ही हकीकत आहे त्यांनी आम्हांस ओळखू नये इतकीच विनंती. शके अठराशे नव्वद, कीलकनाम संवत्सरी, ज्येष्ठ मासापासून एका राज्यात जे वर्तले ते जैसे ऐकिले तैसे लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही. पूर्वेस विहीर, पश्चिमेस पोस्ट, दक्षिणेस म्हशींचा गोठा आणि उत्तरेस मामलेदारांची भिंत, येणेप्रमाणे चतुःसीमा. तेथे हैबतराव राज्य करीत, आणि कमळजाबाई राणीसाहेब हैबतरावांस आवरीत, आणि हैबतरावांचे तीर्थरूप आबासाहेब कारभार सोडून आरामखुर्चीवर विराजमान होते, वय अठ्ठ्याहत्तर, दात दोन, आवाज खणखणीत, मात्र हात थरथरे. युवराज जयवंतराव ऊर्फ जयू, एकुलते एक, वय दहा, लाडांनी पुरते बिघडलेले.

बिघाड कैसा म्हणाल, तर राणीसाहेबांनी भरविल्यावाचून युवराज घास घेत नसत, आणि लेंग्याची नाडी दुसऱ्याने बांधावी लागे. वैशाखात एका लग्नी पंगत बसली, आणि युवराज भर पंगतीत आ करून बसले, आणि भरवावयास कोणी येईना म्हणून तैसेच बसून राहिले, आणि वऱ्हाडी हसू लागले, आणि हैबतरावांची मान खाली गेली. मग घरी येऊन दरबार भरविला आणि हुकूम केला की, डोंगरावर पाद्र्यांचे वसतिगृह आहे, तेथे मोठमोठ्यांची पोरे माणसांत येतात, आमचेही धाडावे. राणीसाहेब बोलिल्या, "अहो, तिथं त्याची नाडी कोण बांधील?" हैबतराव बोलिले, "त्याचसाठी धाडतोय!" आबासाहेब बोलिले, "धाडायचं तर धाडा, पण त्याची वाघाची गोष्ट अर्धी राहिली आहे, तिचं काय?" 

वाघाची गोष्ट म्हणजे आबासाहेब नातवास रोज सांगत ती. तिचा शेवट दोन वर्षे लागत नव्हता, आणि आबासाहेबांचा नेम ऐसा की एकदा सांगितलेले वाक्य पुन्हा म्हणून सांगावयाचे नाही. शिवाय नातवास त्यांनी मोडी लिपी शिकविली होती. राज्यात दुसऱ्या कोणास ती वाचता येत नसे, हैबतराव इंग्रजी शिकलेले, राणीसाहेब बाळबोध. म्हणून आजा-नातू पाटीवर मोडीत काय खलबते करीत त्याचा थांग कोणास लागला नाही.

मग ज्येष्ठ शुद्ध पक्षी जीप सिद्ध जाहली, आणि हैबतराव युवराजांस घेऊन डोंगर चढले. तेथील मुख्य फादर मिनेझिस, उंच, कृश, बोलणे मऊ पण शब्द पक्का. त्यांच्याशी तह जाहला. कलमे येणेप्रमाणे: कपड्यांवर नावाचे जागी तांबड्या दोऱ्याने आकडा घालावा, युवराजांचा आकडा बासष्ट. मुलाने दर आदित्यवारी घरी पत्र लिहावे. आणि पहिले चार महिने आईबापांनी भेटीस येऊ नये, मूल रुळत नाही. हैबतरावांनी सही केली, आणि परत येऊन सांगितले, आणि राणीसाहेबांनी दोन दिवस अन्न घेतले नाही.

पुढे दर गुरुवारी टपालवाला पत्र आणू लागला. "तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार. मी येथे सुखी आहे. जेवण चांगले असते. अभ्यास नीट चालला आहे. माझी काळजी करू नये." अक्षर सुबक, खाडाखोड नाही. राणीसाहेब ते पत्र दिवसातून चार वेळा वाचीत आणि उशाखाली ठेवीत, आणि "माझ्याविना सुखी कसा?" म्हणून मनात थोड्या खट्टूही होत. उत्तर त्या लिहीत, आणि तळाशी आबासाहेब थरथरत्या हाताने मोडीत दोन ओळी घालीत. आशीर्वाद लिहितात, ऐसा सर्वांचा समज.

ऐसे चालले असता श्रावण वद्य पक्षी आबासाहेबांस ताप आला, आणि तिसरे दिवशी आरामखुर्ची रिकामी जाहली. राज्यावर आभाळ कोसळले. त्यातही राणीसाहेबांचा पहिला प्रश्न, "जयूला आणायचं ना?" हैबतराव रडून सुजलेल्या डोळियांनी बोलिले, "परक्या जागी आहे, परीक्षा तोंडावर आहे. कोण समजावील त्याला? दूर असलेल्या पोराला उगाच त्रास कशाला? नाताळात येईल तेव्हा जवळ घेऊन सांगू." आल्या-गेल्यांनी माना डोलाविल्या. राणीसाहेबांनीही डोलाविली. मात्र पत्राच्या तळाशी मोडी दिसली नाही तर पोरास संशय येईल, हे त्यांच्याच ध्यानी आले. आबासाहेबांनी ताप आला त्या दिवशी एका कोऱ्या कागदावर ओळ लिहून ठेविली होती, ती सापडली. मग राणीसाहेबांनी तो कागद खिडकीच्या काचेवर धरिला, वर पत्र धरिले, आणि उजेडात दिसेल तैसी ती ओळ वळणावळणाने गिरविली. ऐसे दर आठवड्यास, सहा पत्रे. अर्थ ठाऊक नाही, पण आशीर्वादच तो, किती वेळा दिला तरी वाया जात नाही, ऐसे मनास समजाविले.

आश्विन लागला. मामलेदारीण यमूताई भिंतीपलीकडून हळदीकुंकवास आल्या. त्यांचाही केशव त्याच वसतिगृही. बोलता बोलता त्यांनी कौतुकाने कमरेची पत्रे काढिली आणि वाचू लागल्या, "मी येथे सुखी आहे. जेवण चांगले असते..." राणीसाहेबांच्या हातचे तबक तिरपे जाहले आणि कुंकू सांडले. धावत जाऊन उशाखालची पत्रे आणिली, आणि शेजारी शेजारी मांडिली, आणि दोघी वाकून पाहात्या जाहल्या. शब्दास शब्द, स्वल्पविरामास स्वल्पविराम!   चार महिने जे पत्र राणीसाहेब उराशी धरून निजल्या ते पोराचे नव्हतेच! मग तो सुखी की दुःखी? जेवतो की उपाशी? जिवंत तरी आहे ना, इथवर मन धावले. हैबतराव बोलिले, "तहाला अजून पंधरा दिवस आहेत." राणीसाहेब बोलिल्या, "तह तुम्ही केलाय. मी नाही केला." आणि जीपमध्ये जाऊन बसल्या.

डोंगरावर पोचून थेट फादर मिनेझिसांच्या दालनात शिरल्या, आणि पत्रे मेजावर आपटिली, आणि बोलिल्या, "लेकरांकडून खोटं लिहवून घेता? देवाच्या दारात बसून?" फादरांनी पत्रे पाहिली, आणि नाकारिले नाही. मऊ स्वरे बोलिले, "बाईसाहेब, पंतोजी फळ्यावर लिहितात, मुलं उतरवून काढतात. पूर्वी मनचं लिहू देत होतो. पहिल्या महिन्यात सगळीच लिहायची, मला न्या, मी मरतो. आईबाप यायचे, मूल घेऊन जायचे. आम्ही दुष्टाव्यानं नाही लपवत. दूर असलेल्या माणसाला उगाच त्रास कशाला, म्हणून." राणीसाहेब तोंड उघडून उभ्या राहिल्या. हे वाक्य त्यांनी आपल्याच घरी, आपल्याच माणसांच्या तोंडून ऐकिले होते. 

मग बासष्टास बोलाविणे गेले. युवराज आले, आणि राणीसाहेबांनी प्रथम ओळखिलेच नाही. केस बारीक कापलेले, गुडघे खरचटलेले, उंची बोटभर वाढलेली, नाडीचा लेंगा जाऊन पट्ट्याची चड्डी, आणि पट्टा स्वतः आवळलेला. कॉलरवर तांबडा बासष्ट. फादर उभे होते, म्हणून युवराज हात मागे बांधून बोलिले, "आई, मी येथे सुखी आहे. जेवण चांगले असते."  पोर समोर उभे, आणि बोलते ते पत्र! कोणी चहा आणिला. राणीसाहेबांनी अर्धा टाकिला, तो युवराजांनी कप उचलिला, नळावर नेऊन विसळिला, पालथा घातिला. ज्यास घास भरवावा लागे तो आईचा उष्टा कप विसळितो, हे पाहून हसावे की रडावे ते त्यांस समजेना. फादरांनी ते ओळखिले आणि दोघांस बाहेर झाडाखालच्या बाकावर धाडून आपण आत राहिले.

बाकावर बसताच राणीसाहेब बोलिल्या, "आता खरं सांग, जयू." युवराजांनी खिशातून सहा चिठोऱ्या काढिल्या. पत्रांचे तळ फाडून ठेविलेले. ते मांडीवर ओळीने लाविले आणि बोलिले, "आई, तुला हे वाचता येतं?" राणीसाहेबांनी मान हलविली. तेव्हा युवराजांनी बोट ठेवून वाचिले, "आज ताप आहे, म्हणून एवढेच लिहितो. वाघ विहिरीपाशी आला आहे. पुढल्या पत्री गोष्ट पुरी करतो."

दुसऱ्या चिठोरीवर तेच. तिसरीवर तेच. सहावीपर्यंत तेच.  हा आशीर्वाद! हा आपण काचेवर धरून, वळण चुकू नये म्हणून श्वास रोखून, सहा वेळा पोरास धाडिला!

युवराज बोलिले, "पहिल्यांदा वाटलं, ताप आहे. दुसऱ्यांदा वाटलं, अजून उतरला नाही. पण आबा एक वाक्य दोनदा सांगत नाहीत. मग तिसरं आलं तेव्हा नीट बघितलं. आबांचा हात थरथरतो. हे अक्षर थरथरत नाही." आणि चिठोऱ्या गोळा करीत पुसिले, "आबा कधी गेले?"

"श्रावणात," राणीसाहेब कशाबशा बोलिल्या, आणि पोरास उराशी ओढिले. मग पुसिले, "तुला एवढं कळलं होतं, तर एकदा तरी लिहायचं होतंस रे मला!"

युवराज बोलिले, "ते फळ्यावर नव्हतं."

राणीसाहेब ओक्साबोक्शी रडल्या. "चल घरी, आत्ता चल." युवराजांनी डोळे पुसिले आणि बोलिले, "नको. मी येथे सुखी आहे." आणि राणीसाहेब त्याच्या मुखाकडे पाहात राहिल्या. ही आई, जिला पोराची शिंक कुठल्या थंडीची ते कळे, तिला आता त्याचे खरे कोणते आणि फळ्यावरचे कोणते ते कळेना. जीप निघते वेळी मात्र युवराज धावत आले आणि पुसते जाहले, "वाघाचं पुढं काय झालं, ते आबांनी घरात कुणाला सांगितलं होतं का गं?" राणीसाहेबांनी नाही म्हणून मान हलविली. तेवढे खरे होते.

परत येऊन राणीसाहेबांनी मामलेदार कचेरीतील एक म्हातारे कारकून हुडकिले, आणि त्यांजकडे रोज पाटी घेऊन बसल्या, आणि राज्य हसले, आणि त्यांनी हसू दिले. कार्तिकात त्यांनी पत्राच्या तळाशी वेडीवाकडी, आपल्या हातची मोडी लिहिली: "आबा श्रावण वद्य षष्ठीस गेले. तुला आणले नाही. चूक जाहली." पुढील गुरुवारी उत्तर आले. वर फळ्यावरचे, शब्दास शब्द. तळाशी, जे फादरांस वाचता येत नव्हते: "भातात खडे असतात. आबांसाठी रडू येते. परवा मी तीन गडी बाद केले. न्यायला येऊ नको." राणीसाहेबांनी ती ओळ पुनःपुन्हा वाचिली, आणि पदराने तोंड झाकून घेतले. हैबतरावांनी पुसिले, "काय लिहिलंय खाली?" राणीसाहेब बोलिल्या, "नमस्कार लिहिलाय. दुसरं काय?"

येणेप्रमाणे वर्तमान. राज्य चालू आहे, टपाल येते आहे, आरामखुर्चीवर कोणी बसत नाही. वाघ विहिरीपाशी आला तो तेथेच उभा आहे.