काचेवरचं कुंकू

पिंपळगाव बसवंतच्या त्या द्राक्ष बागाईतदार संस्थेत कंप्युटर आला, तेव्हा त्याचं स्वागत नव्या सुनेसारखं झालं. दारातच त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. खोकी आत येताना कुणी आडवं जाऊ नये म्हणून चहासुद्धा नंतर सांगितला. मग सगळे दोन दिवस त्याला लांबूनच निरखत राहिले, कारण जवळ जायची हिंमत कुणाचीच होईना.

शेवटी सोमनाथने हात वर केला. सोमनाथ हा संस्थेचा कारकून, नाशिकहून रोज एसटीने येणारा. त्याला कंप्युटरची आवड होती अशातला काही भाग नाही. पण दुकानदार म्हणाला होता, की या मशीनला एसी लागतो. आणि एसीच्या गार हवेला मशीन कुठलं नि कारकून कुठला, हे कळत नाही, एवढं गणित सोमनाथला जमत होतं.

प्लायवूडची एक बिनखिडकीची खोली तयार झाली. संस्थेचे चेअरमन खंडेराव, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, बाहेर पंख्याखाली उपरण्याने घाम पुसत बसायचे आणि त्यांचा कारकून आत स्वेटर घालून. शेतकरी देवळात शिरावं तसे दाराबाहेर चपला काढून आत यायचे, आणि काल ज्याला 'ए भाऊ' म्हणत होते त्याला 'साहेब' म्हणायचे. त्या एका 'साहेब'मध्ये सोमनाथचा जीव अडकला होता. पगार तोच होता, पण पगाराला कोण विचारतो!

पुढे खंडेनवमी आली. त्या दिवशी फवारणीचा पंप, वजनकाटा आणि अण्णांची जीप यांच्याबरोबर कंप्युटरचीही पूजा झाली. अण्णांनी तेलात कुंकू कालवलं. कंप्युटरच्या पडद्यापुढे दुकानदाराने एक काळपट काच बसवून दिली होती, डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून. नेमक्या त्या काचेवर अण्णांनी आपल्या जाडजूड बोटाने जेवणाच्या ताटलीएवढं स्वस्तिक काढलं.

"कुणी पुसायचं नाय," अण्णा म्हणाले. "माझ्या हातचं हाय. वर्षभर राहिलं पाहिजे."

अण्णांच्या हातचं कोण पुसणार? संस्थेत अण्णांनी टाकलेली पानाची पिचकारीसुद्धा कुणी विचारल्याशिवाय धूत नसे.

तेव्हापासून सोमनाथ सभासदांच्या नोंदी स्वस्तिकाच्या फटींतून करू लागला. नाव वाचायला मान डावीकडे, गट नंबर वाचायला उजवीकडे, आणि बागेचं क्षेत्र स्वस्तिकाच्या खालच्या हाताआड जायचं, त्यासाठी टेबलावर हनुवटी टेकावी लागायची. शेतकऱ्यांना वाटायचं, साहेब किती मन लावून काम करतात! दिवाळीपर्यंत डोळे चुरचुरायला लागले, आणि थंडी पडेपर्यंत ते इतके लाल झाले की एसटीचा कंडक्टर त्याच्याकडे संशयाने बघू लागला.

पण हे बोलायची सोय नव्हती. अण्णांच्या बहिणीचा मुलगा राजू कळवणला नुकताच कंप्युटरचा कोर्स पास झाला होता, आणि ती बहीण रोज सकाळी फोन करून भावाला विचारायची, "दादा, आमच्या राजूचं काय केलं?" सोमनाथचे डोळे अधू झाले अशी नुसती कुणकुण लागायचा अवकाश, राजू पहिल्या एसटीने पिंपळगावात हजर झाला असता. तेव्हा सोमनाथने रजेच्या अर्जावर 'पोटदुखी' लिहिलं आणि तो गंगापूर रोडवरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेला.

डॉक्टरांनी दिवे मारले, अक्षरं वाचायला लावली. "डोळे ठणठणीत आहेत," ते म्हणाले. "नुसते थकलेत. असं करा, दर वीसेक मिनिटांनी नजर उचलून लांब कुठेतरी बघा. पापण्या मिटत जा, कंप्युटरपुढे माणूस पापण्या मिटायचं विसरतो. आणि समोरची काच स्वच्छ ठेवा."

"स्वच्छ म्हणजे?"

"म्हणजे पुसा."

"पुसणं जमणार नाही, डॉक्टर."

"का?"

"त्यावर चेअरमन आहेत," सोमनाथ म्हणाला. डॉक्टरांनी त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि झोपेचीही एक गोळी लिहून दिली.

काच सोडून उरलेले दोन उपाय सोमनाथने मनापासून सुरू केले. पण बिनखिडकीच्या खोलीत लांब बघायचं म्हणजे कुठे? लांबात लांब अशी एकच गोष्ट होती, समोरच्या भिंतीवरचा अण्णांचा फोटो. सोमनाथ दर थोड्या वेळाने मान वर करून अण्णांच्या फोटोकडे टक लावायचा, सावकाश पापण्या मिटायचा, उघडायचा. डोळ्यांतून पाणी यायचं. एकदा अण्णांनी हे दारातून पाहिलं आणि ते तसेच दबक्या पावलांनी मागे फिरले. संध्याकाळी ते शिपाई गोटीरामला म्हणाले, "लय निष्ठा हाय रे या पोरात."

निष्ठा वाढत होती, डोळे मात्र सुधारत नव्हते. मग सोमनाथच्या बायकोने, तेजस्विनीने, सूत्रं हातात घेतली. तिने तिच्या रुखवतातली काशाची वाटी काढली.

"उष्णता आहे, दुसरं काही नाही," ती म्हणाली. "तळपायाला गाईचं तूप लावायचं आणि वाटीने घासायचं. सगळी उष्णता काळी होऊन बाहेर येते. माझ्या आजीला शेवटपर्यंत सुईत दोरा ओवता यायचा."

"रात्री घासू."

"रात्री काय उपयोग? उष्णता दुपारी चढते. जेवणाच्या सुट्टीत घासायचं."

"अगं, ऑफिसात?"

"मग द्या त्या राजूला खुर्ची."

दुसऱ्या दिवसापासून डब्यात भाजी-पोळीच्या वरच्या खणात वाटी आणि तुपाची डबी जाऊ लागली. जेवणाच्या सुट्टीत दाराला आतून कडी लावून सोमनाथ तळपाय घासत बसायचा. तेजस्विनीचं म्हणणं खोटं नव्हतं, पाय खरोखर तव्याच्या बुडासारखे काळेकुट्ट व्हायचे. उष्णता निघाल्याच्या समाधानात तो ते फडक्याने पुसायचा आणि चपला घालायचा.

एके दिवशी मात्र पाय पुसायच्या आतच अण्णांच्या केबिनमधला फोन वाजू लागला. अण्णा कांद्याच्या लिलावाला गेले होते. गोटीराम जेवायला गेला होता. फोन काही थांबेना. अण्णांना कुणी फोन करावा आणि तो कुणी उचलू नये हा केवढा गुन्हा! सोमनाथ कडी काढून तसाच धावला. त्याने फोन उचलला. पलीकडे कळवणची बहीण होती. "राजूचं काय केलं?" ती म्हणाली. सोमनाथने "अण्णा बाहेर गेलेत" म्हणून फोन ठेवला, परत येऊन पाय पुसले आणि कामाला लागला.

संस्थेत नुकत्याच पांढऱ्याशुभ्र फरश्या बसवल्या होत्या. गोटीराम जेवून आला आणि दारातच थबकला. कंप्युटरच्या खोलीपासून अण्णांच्या टेबलापर्यंत आणि तिथून परत, अनवाणी काळ्या पावलांची रांग लागली होती.

अण्णा आले. त्यांनी वाकून पावलं पाहिली, वास घेतला. "तूप हाय," ते म्हणाले आणि आणखीच गंभीर झाले. कपाट उघडलं, टेबलाचे खण उपसले. काहीच गेलं नव्हतं.

"काहीच गेलं नाही, अण्णा," सोमनाथ घाईघाईने म्हणाला.

"म्हणूनच म्हणतो, मोठं काहीतरी गेलं," अण्णा म्हणाले. संस्थेची निवडणूक तोंडावर आली होती, आणि मतदार सभासदांची यादी कंप्युटरमध्ये होती. "विरोधी पॅनेलचं काम हाय हे. यादी फोडली. आणि घरभेद्याशिवाय हे व्हायचं नाय. गोटीराम, दार लाव. सगळ्यांनी पाय दाखवा."

संस्थेची कर्मचारी मंडळी भिंतीला टेकून, पाय पुढे करून ओळीने बसली. अण्णा एकेक तळवा जातीने तपासत चालले. इतकं बारकाईने त्यांनी द्राक्षाचे घडही कधी तपासले नव्हते. सोमनाथने पाय पुसले होते खरे, पण टाचांच्या भेगांमध्ये काळं तसंच भरून राहिलं होतं.

"सोमनाथ," अण्णांचा आवाज बसला. "तू? अरे, माझ्या फोटोकडं बघून रडणारा तू?"

आता दोनच वाटा होत्या. एक तर गद्दार व्हायचं, नाही तर अधू. गद्दाराची नोकरी जाते, अधूची नुसती खुर्ची जाते. सोमनाथने डोळ्यांपासून वाटीपर्यंत सगळं सांगून टाकलं. वाटीही काढून दाखवली. स्वस्तिकाचं मात्र त्याच्या तोंडून निघालं नाही. डोळे का दुखतात असं अण्णांनी विचारलं, तेव्हा तो "उष्णता" एवढंच म्हणाला.

अण्णांचा जीव भांड्यात पडला. यादी शाबूत होती. त्यांनी सोमनाथच्या पाठीवर हात ठेवला. "एवढा त्रास काढला आन् बोलला नाय. पण डोळे अधू झालेल्या मानसाला मी मशीनवर कसा बसवू? पाप लागेल मला." आणि त्यांनी पुण्य पदरात पाडून घेण्यासाठी लगेच कळवणला फोन लावला.

राजू आला. सोमनाथ बाहेर पंख्याखाली पावत्या फाडायला बसला. शेतकरी पुन्हा "ए भाऊ" म्हणू लागले. आठवड्याभरात त्याचे डोळे लख्ख झाले आणि त्या लख्ख डोळ्यांना राजूच्या अंगावरचा नवा स्वेटर रोज स्वच्छ दिसू लागला. असली दृष्टी मिळून काय करायचं, असं त्याला झालं.

राजूचे डोळे काही लाल होईनात. मान तिरकी नाही, हनुवटी टेबलावर नाही. चार महिन्यांच्या नोंदी त्याने शीळ घालत उरकल्या. अण्णा येईल त्याला सांगू लागले, "कळवणचं पाणीच तसं हाय, नजर घारीची."

मग एके दिवशी अण्णा मुंबईच्या एका निर्यातदाराला कंप्युटर दाखवायला घेऊन आले; राजू बसल्यापासून ते पहिल्यांदाच आत पाऊल टाकत होते. रिवाजाप्रमाणे त्यांनी चपला काढल्या आणि पडद्याला नमस्कार करायला हात जोडले. हात तसेच राहिले. काच आरशासारखी लखलखत होती.

"राजू, इथलं कुंकू कुठं गेलं?"

"ते होय," राजू म्हणाला. "लय घाण होती मामा, काहीच दिसत नव्हतं. आलो त्याच दिवशी थुंकी लावून रुमालाने पुसून टाकली."

निर्यातदार हसला. अण्णा हसले नाहीत. पाहुणे गेल्यावर केबिनचं दार बंद झालं आणि आतून बराच वेळ 'थुंकी' हा एकच शब्द ऐकू येत राहिला. दुपारनंतर राजू कोल्ड स्टोरेजमध्ये क्रेट मोजायला गेला, स्वेटर घालूनच. तिथे त्याचा उपयोगही जास्त होता.

अण्णांनी सोमनाथला हाताला धरून पुन्हा खुर्चीत बसवलं. "कोर्स करून शिक्षण येतं, श्रद्धा येत नाय," ते म्हणाले. "तू डोळे घालवले पन माझ्या बोटाला बोट लावलं नाय."

सोमनाथच्या डोळ्यांत खरोखरचं पाणी आलं. दाराबाहेर एक शेतकरी चपला काढत होता. "साहेब, येऊ का आत?" तो म्हणाला, आणि सोमनाथला सगळं भरून पावलं.

"थांब जरा," अण्णा त्या शेतकऱ्याला म्हणाले आणि त्यांनी गोटीरामकडे हात पसरला. गोटीरामने लाल ऑइल पेंटचा डबा आणि ब्रश पुढे केला. "आता कुनाचा बाप पुसतो बघतो," असं म्हणत अण्णांनी काचेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नवं स्वस्तिक काढलं, चारही ठिपक्यांसकट, आणि दोन पावलं मागे सरून पाहिलं.

"दिसतंय ना रे नीट?"

"एकदम नीट, अण्णा," सोमनाथ म्हणाला.

रंग वाळेपर्यंत काम बंद होतं. सोमनाथने चपला आठवणीने पायात घातल्या, अण्णांच्या केबिनमध्ये जाऊन घरी फोन लावला आणि तेजस्विनीला विचारलं, "अगं, ती काशाची वाटी माळ्यावर टाकली नाहीस ना?"