कुमुदमावशी आणि एसआर-बावीस

कुमुदमावशी कुठलंही अंतर मैलात सांगत नाहीत, मिनिटांत सांगतात. आणि ती मिनिटं तुमच्याआमच्या घड्याळातली नसतात, त्यांची स्वतःची असतात. "विमानतळ ना? बारा मिनिटं!" त्या म्हणणार. त्यावर विसंबून एकदा मी आणि माझी बायको मृणाल घरातून निघालो आणि आमचं विमान आमच्याशिवाय डॅलसला गेलं. परत येऊन तक्रार केली, तर म्हणाल्या, "तुम्ही गाडी चालवत गेलात की ढकलत?"

मावशी अ‍ॅरिझोनातल्या चँडलरमध्ये आमच्या समोरच्या घरात राहतात. सत्तरीच्या आसपासच्या, अंगानं बारीक, केस बॉबकट, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. त्यांची तीस वर्षं इथल्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात गेली. तिथं पांढरा झगा चढवून, नाकतोंड झाकून, अगदी सावकाश चालायचं. भरभर चाललं की धूळ उडते आणि ओरडा बसतो. "आयुष्यभर नवरीसारखी चालले रे समीर," त्या मला सांगतात. "आता नाही चालणार."

त्या खरोखरच चालत नाहीत. उडतात. त्यांची लाल गाडी कोपऱ्यावरून वळली की आमच्या गल्लीतले ससे झुडपात शिरतात. उन्हाळ्यात स्टिअरिंग इतकं तापतं की हात लावता येत नाही, म्हणून मावशी हातांत ओव्हनचे जाड मोजे घालून गाडी चालवतात. मोज्यांवर कोंबड्यांची चित्रं आहेत. शेजारच्या लेनमधल्या माणसाला क्षणभर दोन कोंबड्या, एक बॉबकट आणि मग नुसती मागची नंबर प्लेट दिसते.

दुसऱ्या गाड्यांशी त्या बोलतात, आणि तेही आदरानं. शिवी कधी नाही. "अहो दादा, हला की पुढे. निळ्यावाल्या काकू, वळताय की विचार चाललाय? वळा, वळा, कोणी रागावणार नाही." आणि कोणी काही म्हटलंच तर त्यांचं एक ठरलेलं वाक्य असे: "रस्ता मोकळा होता."

पहिल्यांदा पोलिसांनी पकडलं तेव्हा त्या हेच म्हणाल्या. दुसऱ्यांदाही हेच. वर त्या कोवळ्या पोलिसाला "जेवलास का रे?" असंही विचारलं. त्यानं हातात दंडाची चिठ्ठी दिली. अ‍ॅरिझोनात एका मर्यादेपलीकडे वेगात गेलात की तो नुसता दंडाचा विषय राहत नाही, गुन्हा होतो. तिसऱ्यांदा मावशी ज्या वेगानं जात होत्या तो आकडा मी इथे लिहीत नाही, कारण मृणालला अजून तो माहीत नाही आणि आमची मुलगी त्यांच्या गाडीतून दोनदा नाचाच्या क्लासला गेलेली आहे.

कोर्टात मी बरोबर होतो. न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून विचारलं, इतक्या वेगात कुठे निघाला होतात?

"ग्रोसरी, युअर ऑनर," मावशी म्हणाल्या. "कोथिंबीर."

लायसन्स काही महिन्यांसाठी गेलं. ट्रॅफिक स्कूलला जायची सक्ती झाली. आणि वकिलानं सांगितलं की लायसन्स परत हवं असेल तर एसआर-बावीस लागेल.

"हे काय विमान आहे?" मावशींनी विचारलं.

विमान नव्हतं. अट्टल ड्रायव्हरांसाठी विमा कंपनीनं सरकारला दिलेली ती हमी असते, की या व्यक्तीचा गाडीचा विमा चालू आहे आणि तो बंद पडला तर आम्ही लगेच कळवू. तीन वर्षं ती चालू ठेवायची. मी हे समजावून सांगितलं. मावशींनी त्यातलं नाव तेवढं घेतलं आणि मंडळाच्या हळदीकुंकवाला सगळ्यांना सांगितलं, "मला एसआर-बावीस मिळणार आहे." दोन बायकांनी अभिनंदन केलं. एकीनं विचारलं, "सीनियर सिटिझनचं असतं का हो ते?"

खरी अडचण पुढे होती. बॉस्टनहून नचिकेतचा, म्हणजे त्यांच्या मुलाचा, फोन आला. मावशी फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात, त्यामुळे तो मलाही ऐकू आला.

"आई, धिस इज नॉट नॉर्मल. बास झालं. गाडी विक, घर विक आणि इकडे ये. बेसमेंट तयार आहे."

"बेसमेंट म्हणजे तळघरच ना रे?"

"फिनिश्ड आहे, आई. कार्पेट आहे."

"आणि मी गाडी चालवायला लागले तर?"

"तुला आता कोण इन्शुरन्स देणार आहे? मिळाला तर राहा तिकडे."

फोन ठेवून मावशी बाहेर ओट्यावर आल्या. त्या ओट्यावर काकांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, स्वतःच्या हातानं फरश्या बसवल्या होत्या, तिरक्या. काका जाऊन सहा-सात वर्षं झाली, पण मावशींनी त्या सरळ करू दिल्या नाहीत.

"समीर," त्या म्हणाल्या, "ते बावीस आणलंच पाहिजे."

आम्ही विमा कंपन्यांना फोन करायला बसलो. जुन्या कंपनीनं आधीच हात वर केले होते. बाकीच्यांकडे एकच प्रकार. "आधी गोड बोलतात," मावशी वैतागल्या. "नाव विचारतात, गाव विचारतात. मग माझं रेकॉर्ड उघडतात आणि गाणं लावून निघून जातात. जेवण झालं, भांडी झाली, गाणं चालूच."

शेवटी एका टायरच्या दुकानाला लागून असलेल्या छोट्या ऑफिसात आम्हाला रूबेन भेटला. गोल चेहऱ्याचा, मिशीवाला. ज्यांना कोणी विमा देत नाही त्यांना तो देत असे. मावशींचं रेकॉर्ड त्यानं स्क्रीनवर वर-खाली फिरवून पाहिलं, मग मावशींकडे पाहिलं, मग पुन्हा रेकॉर्डकडे.

"मॅडम, हे सगळं तुमचंच?"

"रस्ता मोकळा होता, रूबेनराव."

त्यानं अटी सांगितल्या. हप्ता चुकला की कंपनी सरकारला कळवणार आणि लायसन्स पुन्हा जाणार.

मावशी माझ्याकडे वळल्या. "म्हणजे हा माझी चहाडी करणार?"

"तसंच काहीसं."

"आणि त्या चहाडीचे पैसे मीच भरायचे?"

"हो."

"हुशार आहे," त्या म्हणाल्या, आणि सही केली.

मग ट्रॅफिक स्कूल. मावशी दिवसभराचा चिवडा घेऊन गेल्या. संध्याकाळी मी त्यांना घ्यायला गेलो तेव्हा मानेवर गोंदवलेली दोन पोरं त्यांचा डबा धुऊन आणून देत होती, "बाय, आंटी!" म्हणत.  अर्ध्या रस्त्यात त्यांनी सांगितलं, एक बाई आल्या होत्या, आपल्या गेलेल्या मुलाचा फोटो घेऊन. समोरून कोणीतरी असंच भरधाव आलं होतं. "त्यालाही रस्ता मोकळा होता म्हणे," मावशी म्हणाल्या. त्यानंतर ते वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं नाही.

लायसन्स नव्हतं तेवढे महिने दर शनिवारी मी त्यांचा ड्रायव्हर. त्या बाजूला बसून उजव्या पायानं नसलेला अ‍ॅक्सिलरेटर दाबत. माझ्या गाडीतलं त्या बाजूचं मॅट झिजलं. "समीर, त्या ट्रकच्या मागे काय संसार थाटायचाय?" "तू इंजिनिअर कसा झालास रे, वेळेत?" आणि मग अखंड गप्पा. कारखान्यातल्या, काकांच्या, मिरजेतल्या सायकलच्या. घरी परतल्यावरही त्या गाडीतून लगेच उतरत नसत. गोष्ट संपवून उतरत.

मुदत संपली. सुटलो एकदाचा, असं मी मृणालला म्हणालो. पण शनिवारी फोन आलाच. "समीर, माझं काम अजून झालं नाही रे. ते बावीस कुठेतरी अडकलंय."

पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्याही. सरकारी काम म्हणून मीही खोलात गेलो नाही.

मग एके दिवशी माझ्या टायरमध्ये खिळा गेला म्हणून मी त्या दुकानात थांबलो. रूबेन बाहेर कॉफी पीत उभा होता. मी मावशींच्या कामाचं विचारलं.

"कुठलं काम?" तो म्हणाला. "सर्टिफिकेट तर मी केव्हाच पाठवलं. लायसन्स चालू होऊन महिना होऊन गेला. त्या स्वतः गाडी घेऊन आल्या होत्या, चकल्या द्यायला." मग त्यानं भुवया उंचावल्या. "पार्किंगमध्येसुद्धा सिग्नल देऊन वळल्या."

मला आधी राग आला. महिनाभर माझे शनिवार! तडक जाऊन जाब विचारायचा असं ठरवून मी घरी आलो. मृणालला सगळं सांगितलं. ती भाजी चिरत होती. "नचिकेतला त्यांनी लायसन्स मिळाल्याचं त्याच दिवशी सांगितलंय," ती म्हणाली. "परवा त्याचा मला फोन आला होता. म्हणजे फक्त तुझ्यापासूनच लपवलंय." आणि पुन्हा भाजी चिरायला लागली.

शनिवारी मावशी तिरक्या फरश्यांवर पिशव्या घेऊन तयार उभ्या होत्या. पावडर लावलेली. मी माझी गाडी काढलीच नाही.

"मावशी, मान आखडलीये माझी. आज तुम्ही चालवता का?"

"मी? अरे, पण माझं ते..."

"काल रूबेन भेटला होता. म्हणाला, सगळं आलंय. कालच."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मी मान धरून उभा.

"कालच आलं म्हणाला?"

"कालच."

"हो का," त्या म्हणाल्या, आणि पर्समधून गाडीची किल्ली काढली. ती वरच ठेवलेली होती.

मी देवाचं नाव घेऊन पट्टा लावला. गाडी निघाली. कोपरा आला, गेला. मोठा रस्ता लागला. मावशी मला इकडे वाळवंटात यायच्या आधीची, काकांच्या पहिल्या स्नोची गोष्ट सांगत होत्या. काकांनी फावडं उलटं धरलं होतं तिथवर आल्यावर माझ्या लक्षात आलं की सगळ्या गाड्या आम्हाला मागे टाकून चालल्या आहेत. एक सायकलवालाही बराच वेळ आमच्याबरोबर होता.

"मावशी, आज एवढं सावकाश?"

"मग? घाई कसली आहे?" त्यांनी आरसा पाहिला, पुन्हा समोर पाहिलं. मग म्हणाल्या, "एकटी असले ना, की गाडीतला वेळ खायला उठतो रे. बाजूची सीट दिसत राहते. कधी एकदा पोचते असं होतं. दुकानात निदान ती काउंटरवरची मुलगी हाऊ आर यू म्हणते."

मागून एका पिकअपवाल्यानं जोरात हॉर्न दिला. मावशींनी हातानंच त्याला पुढे जायला सांगितलं.

"तर काय सांगत होते?"

"फावडं उलटं धरलं होतं."

"हां. तर काका म्हणाले..."

दुकानाचं वळण डाव्या हाताला आलं. दोघांनाही ते दिसलं, आणि मावशी सरळ पुढे गेल्या.