वाचल्याशिवाय संमती नाही

आमच्या वरच्या मजल्यावरचे मनोहरकाका मोबाइलमधल्या अटी आणि शर्ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. तेही मोठ्यानं. एकदा गॅसचं सिलिंडर नोंदवायला बसले आणि ‘मला मान्य आहे’वर बोट टेकवलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर काकू विजेच्या शेगडीवर पिठलं ढवळत होत्या. धारच्या कचेरीत जुनी दप्तरं सांभाळण्यात काकांची सगळी नोकरी गेली. आता देवासला राहतात, पण "भिया, कलम ग्यारह और चौदह में विरोध है," हे दूधवाल्यालाही ऐकावं लागतं.

मी इथल्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. इंटरनेटचा कारभार कसा चालावा यावर देशपातळीवरची परिषद भरणार होती आणि चर्चासत्रांसाठी कुणीही प्रस्ताव पाठवावेत, असं आवाहन निघालं होतं. मी ते गंमत म्हणून काकांना पाठवलं. ती चूक झाली.

सकाळी सहाला काका दारात. ‘कुणीही’ म्हणजे नक्की कोण? निवृत्त माणूस चालतो का? विषय मात्र ठरलेला होता: सामान्य माणसाला समजतील अशा अटी. मर्यादा तीनशे शब्दांची, काकांचा मसुदा बावीस पानांचा. मी एक ओळ कापली की ते उठून पाणी पिऊन येत.

मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचची. वक्ते तीन हवे होते, त्यात निदान एक बाई. काका एक, मी दुसरा आणि सतवासच्या एक शिक्षिका तिसऱ्या. दुपारी तीनला त्यांचा नकार आला. "सर्व्हर बैठ गया तो?" हे काका दर पाच मिनिटांनी विचारत होते.

एक रकाना उरला होता: हा प्रश्न तुम्हाला का महत्त्वाचा वाटतो? काकांनी सावकाश टाइप केलं: ‘मागच्या वर्षी पत्नीच्या फोनवर मी न वाचता एका शुभेच्छापत्रांच्या ॲपला संमती दिली. त्यानं तिच्याकडचे सगळे नंबर उचलले. तिच्या नावानं ओळखीच्यांना घाणेरडी चित्रं गेली.’

हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. काकांनी घरोघर जाऊन स्वतःच्या चुकीची माफी मागितली होती. काकूंनी मात्र तेव्हापासून भजनी मंडळात पाऊल टाकलं नव्हतं.

काकू चहा घेऊन आल्या. चष्मा लावून त्यांनी पडद्यावरचं वाचलं.

"हे खोटं आहे," त्या म्हणाल्या. "बटण मी दाबलं होतं."

काकांनी मान वर केली नाही. "फॉर्ममध्ये ते विचारलेलं नाही."

"तुम्ही तर घरातसुद्धा नव्हता. तिरल्याला लग्नाला गेला होता."

"पाचला वीस मिनिटं उरलीत."

"मग खरं लिहा. आणि तिसरं नाव माझं घाला."

काकांनी वाक्य बदललं. नाव लिहिताना त्यांनी दोनदा चष्मा पुसला. पाचला चार मिनिटं असताना प्रस्ताव गेला.

परिषदेत बोलायचं तर सराव हवा, म्हणून तीन आठवड्यांनी काकू भजनी मंडळात जायला निघाल्या. सोबत काका, आणि काकांना धीर द्यायला मी. आम्ही दोघं बाहेर पायरीवर बसलो. काका रुमालाला पीळ देत होते. मग काकूंचा आवाज आला, जरा कापरा: "ते माझ्याच हातून झालं." थोड्या वेळानं दुसरी एक बाई म्हणाली, "माझ्या फोनवरही काहीतरी झालं होतं. मी कुणाला बोलले नाही."

तेवढ्यात काकांच्या मोबाइलवर परिषदेचं उत्तर आलं. यंदा प्रस्ताव घेता येत नाही, दिलगीर आहोत. त्यांनी ते वाचलं, मला दाखवलं आणि फोन खिशात ठेवला.

"तिला इतक्यात सांगू नको," ते हळूच म्हणाले. "आत्ता कुठे बोलायला लागलीय."