तात्यांच्या दारातली चोरी

आमच्या गल्लीत चोरी करायची असेल, तर आधी शंकरतात्यांची सोय पाहावी लागते. सकाळी ते झाडांना पाणी घालतात, दुपारी झोपतात. त्यामुळे चोरीला संध्याकाळ बरी. आपण त्यांच्या फाटकाशी उभं राहून मोगऱ्याकडे जरा लोचटपणे पाहायचं. तात्या चष्म्यावरून अंदाज घेतात आणि म्हणतात, "मी जरा आत पाणी पिऊन येतो." तेवढ्यात आपण फांदी मोडून पिशवीत टाकायची.

एखाद्या नवख्याने "तात्या, एक फांदी द्याल का?" असं विचारलं की ते खवळतात. "मागू नगा. चोरा. मागून नेल्यालं झाड जगत न्हाई."

मनीप्लँट चोरूनच आणावा लागतो, हे शिवाजी पेठेत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तात्यांनी तो नियम कोरफडीपासून कढीपत्त्यापर्यंत सगळ्यांना लावला. माझं आयुष्य कॉलेजच्या ग्रंथालयात गेलं. याला आधार काय, असं मी एकदा विचारून पाहिलं.

"मास्तर, तुमच्या लायब्रीतली किती पुस्तकं परत आली न्हाईत?"

"बरीच."

"लोकांनी वाचली असतील तर तीच की."



तात्या एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीनंतर प्रवासी गेले, भाषा राहिली. "ए जास्वंदी, पुढं सरक की. मागचं म्हातारं किती येळ उभ्यानं येणार?" असं म्हणत ते कुंड्या उन्हाकडे ढकलतात. कुंड्या म्हणजे रंगाचे रिकामे डबे, एक गळका कुकर आणि एक हेल्मेट. हेल्मेट कोल्हापुरातलं असल्यामुळे अगदी नव्यासारखं आहे.

चोरीला गेलेल्या झाडांची ते विचारपूसही करतात. आमच्या गॅलरीखाली उभे राहून ओरडतात, "मास्तर, त्या कढीपत्त्याला ताक घाला. पानं पिवळी पडल्यात. कुठनं आणलाय?"

"चोरलाय."

"कुणाचा?"

"आहे एक गाफील माणूस."

"मग जगंल," म्हणत ते समाधानाने पुढे जातात.

मध्यंतरी एक पुढारी पेठेत वृक्षारोपणाला आले. खड्डा दरवर्षी तोच असतो, रोप तेवढं नवं. हार आले, फोटोग्राफर आला, भाषण तर आलंच. रोप आणायचं राहून गेलं. एक कार्यकर्ता तात्यांकडे धावला. तात्या म्हणाले, "देत न्हाई. सायबास्नी म्हणावं, चोरून न्या. मी आत जातो." पण कॅमेऱ्यासमोर चोरी करायची साहेबांना सवय नव्हती. शेवटी नुसत्या खड्ड्याला पाणी घालताना त्यांचा फोटो निघाला.

हे सगळं तात्यांचं खूळ आहे, असंच मी बरीच वर्षं धरून चाललो होतो.

तात्यांना एकच मुलगी, सुमन. तिने कागलच्या एका मुलाशी जातीबाहेर लग्न ठरवलं, तेव्हा तात्या दारात उभे राहून म्हणाले होते, "जा. पर ह्या घरातलं एक पान बी न्यायचं न्हाई." तात्यांचं खासगी बोलणंही शेजारच्या गल्लीला ऐकू जातं, त्यामुळे हे सगळ्यांना माहीत आहे. सुमन बापावर गेलेली. अंगावरच्या कपड्यांनिशी निघून गेली. आक्का, म्हणजे तिची आई, वारली तेव्हा आली, ती बाहेरच्या पायरीवर बसून रडली. शेजारणी तिला आईची एक साडी द्यायला लागल्या. ती म्हणाली, "नगं. तात्यांनी सांगितलंय, काय न्यायचं न्हाई."

तात्या आतल्या बाजूला दाराला धरून उभे होते. त्या वेळी त्यांनी "ने की" एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. तो मोठा आवाज नेमका तेव्हा फुटला नाही.

चोरीचं शास्त्र त्यांनी काढलं ते त्यानंतर. न्यायचं नाही, असं ते म्हणाले होते. चोरायचं नाही, असं म्हणाले नव्हते. आपल्या दारातलं मागून मिळत नाही, चोरून मिळतं, हे ते गल्लीत सांगत सुटले, मंडईत सांगत सुटले आणि स्टँडवर जाऊन कागलच्या गाडीवरच्या कंडक्टरांना तर चहा पाजून सांगू लागले. ते कुणासाठी चाललंय, हे मला फार उशिरा कळलं. पुस्तकांत राहिलेल्या माणसाला समोरचं जरा उशिरा दिसतं.

गेल्या वर्षी आक्कांच्या श्राद्धाला मी त्यांच्याकडे जेवलो आणि दुपारी दोघं कट्ट्यावर बसलो होतो. फाटकाशी सुमन येऊन उभी राहिली. डोईवरचे केस थोडे पांढरे झाले होते. तात्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडेही पाहिलं नाही. "मी जरा आत पाणी पिऊन येतो," ते म्हणाले, इतक्या हळू की मलाच कसंबसं ऐकू आलं.

मीही उठलो. समोर माझ्या घरी गेलो आणि सगळी सभ्यता सोडून गॅलरीतून पाहत राहिलो.

ती आत आली. मोगरा, जास्वंद ओलांडून थेट आक्कांच्या अबोलीपाशी जाऊन बसली. लहानपणी याच अबोलीचा गजरा आक्का तिच्या वेणीत माळायच्या. तिने एक फांदी हातात धरली. बराच वेळ धरली. मग सोडून दिली. भिंतीकडेचा तांब्या घेऊन नळावर भरला, झाडाच्या बुडात सावकाश ओतला, आणि फाटक लावून निघून गेली.

तात्या काही बाहेर येईनात. शेवटी मीच जाऊन हाक मारली.

"गेली?"

"गेली."

"काय नेलं?"

मी आयुष्यात बरंच खरं बोललो आहे आणि त्याने कुणाचं भलं झाल्याचं मला आठवत नाही. मी म्हणालो, "अबोलीची फांदी."

तात्या अबोलीपुढं उकिडवे बसले. एकेक फांदी हाताने बाजूला करून पाहिली.

"मास्तर, सगळ्या हायत की वो."

"मुलगी तुमचीच आहे, तात्या."

"व्हय. तेच तर." त्यांनी हातातली फांदी सोडली. "मग इतका येळ काय करत हुती?"

"पाणी घातलं तिनं."

तात्यांनी डब्यातल्या मातीत बोटं घातली. माती अजून ओली होती. ऊन सरकत सरकत त्यांच्या तोंडावर आलं, तरी त्यांनी हात काढला नाही.