चाकं लख्ख, ब्रेक बेपत्ता

तुम्हाला खोटं वाटेल, पण आमच्या कारखान्यात मला पाहिलं की लोक चळाचळा कापतात! मी तिथे सुरक्षा अधिकारी आहे. हेल्मेट न घालता कुणी नुसता शिंकला, तरी मी त्याला बाजूला घेऊन दहा मिनिटं बोलतो. “डब्यावरची सूचना वाचल्याशिवाय डबा उघडायचा नाही!” हे माझं आवडतं वाक्य. एकदा ते मी घरी टूथपेस्टची नळी उघडताना म्हणालो. तेव्हापासून मी दात घासत असताना बायको त्या बाजूला फिरकत नाही.

तर अशा माणसाने गाडीच्या चाकांवरची काळी धूळ घालवायचं मनावर घेतलं, तर त्यात बिघडून बिघडून काय बिघडणार?

ही धूळ रस्त्याची नव्हे, ब्रेकची. ब्रेक दाबला की पॅड चाकातल्या लोखंडी डिस्कवर घासतं, झिजतं आणि त्याची काजळीसारखी भुकटी चाकावर बसते. पुढच्या दोन चाकांवर तर जास्तच. गाडी कितीही पुसा, चाकं आपली चुलीतून काढल्यासारखी! मी तिकडे काणाडोळा केलाही असता. पण मला सासरे आहेत.

सासऱ्यांनी बत्तीस वर्षं वाहन परवान्याच्या परीक्षा घेतल्या. म्हणजे लोकांना नापास केलं. मागच्या खेपेला आले तेव्हा घरात शिरण्याआधी ते गाडीपाशी वाकले, चाकावरून एक बोट फिरवलं आणि ते काळंकुट्ट बोट माझ्या नाकासमोर धरलं.

“जावईबापू, गाडीतून माणसं नेता की कोळसा?”

बरं, बोट पुसून टाकावं की नाही! नाही. तसंच उभं धरून ते जिना चढले. सासूबाईंना दाखवलं, लेकीला दाखवलं, आणि दार उघडंच होतं म्हणून समोरच्या शेजारणीलाही दाखवलं.

आता ते पुन्हा येणार होते. सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि शनिवारी सकाळी दहाला आमच्या इथल्या डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणी होती. नेणार कोण? मी! कशातून? गाडीतून! मी आठवडाभर आधी कामाला लागलो. साबणाने धुतली, चाकं चमकली, दोन दिवसांत पुन्हा काळी. शेवटी कारखान्यातल्या स्टोअरकीपरला विचारलं.

“साहेब, पॅकिंगच्या मशीनला मारतो ना आपण, तो स्प्रे मारा,” तो म्हणाला. “त्याच्यावर धूळ काय, माशी बसली तरी घसरते!”

माशी घसरते! अहो, हेच तर हवं होतं.

शनिवारी सकाळी सहा वाजता मी डबा घेऊन खाली उतरलो. चारही चाकांवर फवारा मारला. मग माझ्यातला अधिकारी जागा झाला. नुसतं वरवर मारून काय उपयोग? धूळ जिथून निघते तिथेच बंदोबस्त करायला हवा! मी चाकाच्या फटींतून नळी आत घातली आणि डिस्कवर, पॅडवर, हाताला लागेल तिथे सढळ हाताने मारलं. डबा रिकामा होईपर्यंत!

“अरे, चाकांना अत्तर लावतोयस की काय?” वरून बायको ओरडली.

मी नुसता हसलो. मोठी माणसं हसतात तसा.

नऊ वाजता सासू-सासरे आले. सासरे थेट गाडीपाशी. वाकले. बोट फिरवलं. बोट पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. दुसऱ्या चाकापाशी गेले, तिसऱ्या, चौथ्या. मग सरळ उभे राहिले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “शाब्बास!”

लग्नाला आठ वर्षं झाली. पहिली शाब्बासकी! माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

सगळे बसले. सासरे माझ्या शेजारी, मागे बायको आणि काळा चष्मा लावलेल्या सासूबाई. आमच्या आवारातून फाटकाकडे जाताना छोटासा उतार आहे. मी गाडी सोडली, फाटक जवळ आलं, ब्रेक दाबला.

गाडी चालतच राहिली!

मी आणखी जोरात दाबला. गाडी चालतच राहिली! पाय जणू ब्रेकवर नव्हता, उशीवर होता! वॉचमनकाका फाटक उघडायला नुकतेच उठले होते, म्हणून वाचले. त्यांची प्लास्टिकची खुर्ची मात्र गाडीच्या नाकासमोर अंगणभर सरकत निघाली. मी हँडब्रेक खेचला. गाडी आणि खुर्ची एकदमच थांबली.

“खुर्ची का ढकललीत?” सासऱ्यांनी विचारलं.

“वाटेत होती,” मी म्हणालो. “आलोच हं, एक वस्तू विसरली!”

धावत वर गेलो आणि कचऱ्यातून तो डबा काढला. मागच्या बाजूला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, लाल त्रिकोणाशेजारी लिहिलं होतं: ब्रेकवर मारू नये. ब्रेक निकामी होतील.

हाच लाल त्रिकोण मी कारखान्यात सहा ठिकाणी लावलाय हो!

मी खाली आलो. “बाबा, मी काय म्हणतो, टॅक्सीने जाऊ या का?”

“इतकी लख्ख गाडी सोडून? अहो, आज मला हिच्यातूनच मिरवायचंय!”

“चल ना रे, दहानंतर डॉक्टर भेटत नाहीत,” बायको म्हणाली.

तिथेच सांगायला हवं होतं. कळत होतं मला. पण ती शाब्बासकी अजून खांद्यावर गरम होती! पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती. मी स्वतःला समजावलं, हँडब्रेक तर लागतोय. हळू जाऊ. अगदी हळू. आणि मी निघालो.

पहिला गिअर. वेग ताशी चार किलोमीटर. डावा हात हँडब्रेकला असा चिकटलेला, जणू बुडत्याच्या हाती दोर! एक सायकलवाला पुढे गेला. पिशव्या घेतलेल्या एक बाई चालत पुढे गेल्या आणि जाताना खिडकीतून माझी चौकशी केल्यासारखं बघून गेल्या. मागे बस भोंगा वाजवत होती, बसमागे ट्रक, ट्रकमागे आणखी कोण कोण. घामाने माझा शर्ट सीटला चिकटला.

“अरे, आईचा डोळा तपासायचाय, तिला तीर्थयात्रेला नाही न्यायचं!” बायको मागून म्हणाली. “तुला बरं नाहीये का?”

“मस्त बरं आहे!” माझा आवाज शिट्टीसारखा निघाला.

सासरे माझ्या पायांकडे बघत होते. बत्तीस वर्षांची सवय!

“जावईबापू, तुम्ही ब्रेकला पायच लावत नाही!”

“ला… लागतच नाही, बाबा.”

तोंडून खरं ते निघून गेलं होतं! आता गाडीत बॉम्ब फुटणार म्हणून मी मान आत घेतली.

“लागतच नाही!” सासरे सीटवरून उसळले. “ऐकलंस का गं? यांना ब्रेक लागतच नाही! वेगच इतका ताब्यात, की गरजच पडत नाही. म्हणून चाकं स्वच्छ! ब्रेकच लावला नाही, तर धूळ येणार कुठून? वा!”

मी घशातल्या घशात ‘हं’ म्हणालो.

दवाखान्याच्या अलीकडे सुरू होऊन पलीकडेही जाणारा मोठा उतार आहे. त्या उतारावर नेमके एक वृद्ध गृहस्थ काठी टेकत रस्ता ओलांडायला निघाले! मी हँडब्रेक हळूहळू खेचायला लागलो. गाडी हळू झाली, आणखी हळू झाली, पण थांबेना! ते गृहस्थ पुढे जाईनात. वाटेत थांबून त्यांनी चप्पल नीट केली! गाडी त्यांच्या धोतराच्या… नाही, पँटच्या घडीपासून वीतभर अंतरावर थांबली. काय नेसले होते तेसुद्धा मला धड आठवत नाही! त्यांनी हात उंचावून माझे आभार मानले.

“किती आधीपासून ओळखलंत!” सासरे म्हणाले.

दवाखान्यात सासूबाईंच्या डोळ्यांत थेंब घातले आणि त्यांना आत बसवलं. सासरे बाहेर बसलेल्या झाडून सगळ्या पेशंटना सांगत होते, “आमचे जावई ब्रेक न लावता गाडी चालवतात!” माझ्या शेजारचे गृहस्थ उठून दोन खुर्च्या पलीकडे जाऊन बसले. मी ठरवलं, आता टॅक्सी बोलवायची आणि गाडी पंक्चर आहे म्हणून सांगायचं. फोन खिशातून काढणार, तेवढ्यात सासऱ्यांनी माझ्यासमोर तळहात पसरला.

“किल्ली द्या. तिला अजून अर्धा तास आहे. तोवर मी एक चक्कर मारतो. तुमच्यासारखी, ब्रेक न लावता!”

“नको, बाबा!”

“का?”

“ब्रेक लागत नाही.”

“अहो, तेच तर शिकायचंय!” त्यांनी माझ्या हातातून किल्ली काढून घेतलीसुद्धा.

मी आणि बायको मागे धावेपर्यंत ते बसले आणि इंजिन चालू केलं. समोर तोच उतार! उतारावर माणसं, मुलं, गाड्या. मी धावत जाऊन गाडीच्या पुढ्यात दोन्ही हात पसरून उभा राहिलो. मग लक्षात आलं, ब्रेक नसलेल्या गाडीपुढे उभं राहिलेला मी एकमेव सुरक्षा अधिकारी असेन! टुणकन बाजूला झालो, खिडकीतून हात घातला आणि किल्ली खेचून काढली.

“बाबा, ब्रेक लागत नाही म्हणजे लागतच नाही हो! निकामी झालाय! मी त्यावर स्प्रे मारलाय!”

सासरे सावकाश खाली उतरले.

“कधी मारलात?”

“सकाळी सहाला.”

“म्हणजे येताना…”

“हो.”

“ती खुर्ची…”

“हो. माझं चुकलं, बाबा. तुम्ही शाब्बास म्हणालात आणि माझ्या तोंडून शब्दच फुटेना.”

बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, की मला ब्रेक नसलेली गाडी बरी वाटली.

सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “बत्तीस वर्षं मी लोकांना नापास केलं. एकूण एकाने सांगितलं, दोष गाडीत होता. स्वतःचा दोष सांगणारे तुम्ही पहिले.”

मी आशेने मान वर केली.

“तरी नापासच,” ते म्हणाले. “तिला या गाडीत बसवलंत. हे मी लवकर विसरणार नाही.”

मी मेकॅनिकला फोन लावला.

मेकॅनिक आला. चाकाशी नाक नेलं, हुंगलं आणि आम्हा तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. बायकोने आणि सासऱ्यांनी एकाच वेळी माझ्याकडे बोट केलं.

“मागचे ब्रेक लोखंडी डब्यात बंद असतात, आत स्प्रे गेला नाही, म्हणून हँडब्रेक तेवढा वाचला,” तो म्हणाला. “पुढचे पॅड गेले. नवीन टाकावे लागतील. साहेब, ब्रेक आहे तर धूळ येणारच. आठवड्याला पाण्याने धुवायची, बस! कामाला कुठे असता?”

“कारखान्यात.”

“काय म्हणून?”

“असंच… ऑफिसात.”

घरी आम्ही टॅक्सीने निघालो. इतका वेळ दवाखान्याच्या आत असलेल्या सासूबाईंना यातलं काही माहीत नव्हतं, आणि कुणी सांगितलंही नाही. टॅक्सीवाला भरधाव निघाला. प्रत्येक वळणावर कचकन ब्रेक! सासूबाई एकदा दाराला, एकदा लेकीला आपटत होत्या.

“काय बाई हे धक्के!” त्या म्हणाल्या. “येताना जावईबापूंनी कसं आणलं! पोटातलं पाणी हललं नाही. आता दर शनिवारी तपासणी आहे ना, मी त्यांच्याच गाडीतून येणार. आणि अगदी तसंच चालवायचं हं, त्याहून जोरात नको!”

सासरे खिडकीबाहेर बघत राहिले. बायकोला एकाएकी खोकला आला. मी म्हणालो, “बरं, आई.”

आता माझे ब्रेक एकदम झकास लागतात. दर शनिवारी मी सासूबाईंना ताशी चार किलोमीटरच्या वेगाने दवाखान्यात नेतो. जायला पाऊण तास लागतो. चालत चाळीस मिनिटांचं अंतर आहे.