काळजातलं बिऱ्हाड

हे बाहेर सांगायचं नाही असं मला बजावलं आहे, पण कालिंदीच्या बाबांच्या काळजात एक बिऱ्हाड राहतं.

बिऱ्हाड जुनं आहे. बाबा लहान असताना सुट्टीत मामाच्या गावी जात आणि मातीच्या भिंतीला लागून झोपत. एकदा भिंतीच्या फटीतून एक किडा आला, डोळ्याजवळ चावला आणि निघून गेला. सकाळी पापणी लिंबाएवढी सुजली. आजीने हळद लावली, सूज उतरली आणि सगळे विसरले. किडा मात्र बिऱ्हाड पोचवून गेला होता. ते अंगभर हिंडलं, दोनचार जागा पाहिल्या आणि शेवटी काळजाच्या भिंतीत स्थिरावलं. तिथेच त्यांच्यात लग्नं झाली, बाळंतपणं झाली. बाबांना पत्ता नव्हता.

बाबा बार्शीत शिवणकाम करतात. पुढच्या खोलीत दुकान, मागे घर. त्यांची टीप सरळ म्हणून गावात नाव आहे. काहीतरी चुकतंय हे पहिल्यांदा कालिंदीला कळलं. ती कमी बोलते, त्यामुळे तिला बघायला वेळ मिळतो. गणवेशाच्या एका बाहीवर तिला दिसलं की काही टाके नीट पडले आहेत, मग एक लांब, मग नुसतीच मोकळी जागा, आणि पुढे घाईघाईने एकमेकांवर चढलेले बारीक टाके. तिने बाही उसवून ठेवली आणि कुणाला काही सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात कापड बेतता बेतता बाबा कात्रीसकट खाली बसले आणि आडवे झाले.

डॉक्टर बीडकरांनी छातीला नळी लावली. बराच वेळ ऐकलं.

"आत लोक आहेत," ते म्हणाले.

"किती?" आईने विचारलं.

"विचारतो." त्यांनी पुन्हा नळी लावली. "मोजलेले नाहीत म्हणतात. त्यांच्यातले एक म्हातारे बोलायला तयार आहेत."

म्हाताऱ्यांचा आवाज बारीक पण स्पष्ट होता. छातीला कान लावला तर नळीशिवायही ऐकू यायचा. सगळ्यांनी आळीपाळीने कान लावला.

"आमचा त्रास नाही," म्हातारे म्हणाले. "इतकी वर्षं राहिलो, मालकांना कधी हूं की चूं ऐकू आलं का? त्रास मालकांच्याच रक्तातल्या पहारेकऱ्यांचा आहे. ते आम्हाला हुडकायला येतात आणि भिंतीच फोडून जातात. मागून गवंडी येतात, गिलावा करतात. आता त्या भिंतीतूनच निरोपाची दोरी गेलेली. वरची खोली दोरी ओढते, मग खालची खोली ठोका देते. गिलाव्यातून निरोप जात नाही."

"मग खालची खोली काय करते?" डॉक्टरांनी विचारलं.

"वाट बघते. कंटाळली की मनानेच ठोका देते. कधी सगळ्याच भिंती मनाने ठोके द्यायला लागतात. तेव्हा आम्ही पोरांना जवळ घेऊन बसतो."

"बिऱ्हाड हलवावं लागेल."

"इथे जन्मलेल्या पोरांनी दुसरं काही पाहिलेलं नाही, डॉक्टरसाहेब."

बाबा उताणे पडून हे ऐकत होते. "राहू द्या हो," ते म्हणाले. "माझ्या दारातून मी कुणाला जा म्हटलेलं नाही. माप द्यायला आलेलं माणूससुद्धा चहा घेऊन जातं."

"तुम्ही म्हणू नका," आई म्हणाली. "मी म्हणते." तिने पदर नीट केला आणि बाबांच्या छातीशी वाकली. "पाहुणे, वाईट वाटून घेऊ नका. आता निघा."

आत थोडी कुजबुज झाली. "बरं आहे, वहिनी," म्हातारे म्हणाले.

डॉक्टरांनी कडू गोळ्या दिल्या. बिऱ्हाड आवरेपर्यंत त्या घ्यायच्या होत्या. बाबांना मळमळायचं, अंगावर पुरळ उठलं, पण आतून सामान ओढल्याचे आवाज येत होते, म्हणून कुणी कुरकुर केली नाही. त्या दिवसांत कालिंदी शाळेतून धावत घरी यायची. आई तिला बघून हसायची. बाबांनी एका परकराला टीप मारली आणि ती जवळजवळ सरळ आली.

निघायचा दिवस ठरला. बाबांच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाला सुई टोचायची खोड आहे, तिथून बिऱ्हाडातले सगळे बाहेर पडले. मशीनच्या फळीवर ओळीने उभे राहिले. वरवर बघणाऱ्याला ती शिसपेन्सिलीची रेघ वाटली असती. कालिंदीला त्यातले कडेवरचे दिसले, काठीवाले दिसले, मागे वळून बघणारेही दिसले. म्हाताऱ्यांनी बाबांना नमस्कार केला.

"सांभाळून घेतलंत, मालक."

"कसचं, आजोबा. नीट जा."

तेवढ्यात आई आतून वाटी घेऊन आली. ती सकाळपासून धांदलीत होती. घरातून माणूस निघालं की हातावर दही ठेवायचं, म्हणजे ते सुखरूप परत येतं. तिच्या आईने तसंच केलं, सासूने तसंच केलं. तिने चमच्याचं टोक फळीला टेकवलं आणि रेघ हळूहळू पुढे सरकली. प्रत्येकाने आपला वाटा घेतला. लहानांनी हात चाटले.

सगळ्यांचं झाल्यावर म्हातारे बराच वेळ स्वतःच्या हाताकडे बघत राहिले.

"वहिनी," ते म्हणाले, "तुम्ही दही दिलंत."

आईच्या हातातली वाटी तशीच राहिली.

"आम्ही घ्यायला नको होतं," म्हातारे म्हणाले. "पण पोरं आधी पुढे झाली."

ते निघाले, कारण निघायचं ठरलं होतं. आणि दिवेलागणीच्या आत परत आले, कारण दही घेतलं होतं. त्याच बोटातून आत गेले. शेवटचं पोर आत जाईपर्यंत बाबांनी बोट हलवलं नाही.

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी नळी लावली. "पुन्हा गोळ्या देता येतील," ते म्हणाले, "पण दह्यावर माझ्याकडे औषध नाही." मग दारापाशी जाऊन हळू आवाजात म्हणाले, "ताई, एक सांगतो. ते गेलेच असते, तरी गिलावा निघाला नसता. तो आहे तसाच राहतो."

आईला बरं वाटावं म्हणून ते हे बोलले. तिला बरं वाटलं नाही. त्या दिवसापासून ती विरजण लावत नाही. दूध नासलं तरी चालेल म्हणते.

कालिंदीने एका दुपारी, बाबा झोपलेले असताना, त्यांच्या छातीला कान लावला. तिला भांडायचं होतं. पण पलीकडचा माणूस इतका नम्र असला की भांडण कुठून सुरू करायचं ते कळत नाही.

"आजोबा, बाबांचं थांबलं तर तुमचं काय?"

"आमचंही तिथेच थांबेल, पोरी."

"मग तुम्हाला कळत नाही का?"

"कळतं की. पण राहणाऱ्याला राहण्यावाचून काय येतं?" तेवढ्यात खालच्या खोलीने दोन ठोके सोडले. बाबांचे ओठ पांढरे पडले. "बाहेरून कुणी ठेका धरला, तर खालच्या खोलीला तो ऐकू जातो," म्हातारे म्हणाले. "मालक मशीन चालवायचे, तेव्हा जायचा."

कालिंदीने मशीन ओढत आणून बाबांच्या खाटेला टेकवलं. सुई काढून ठेवली. रीळही काढलं. मग ती स्टुलावर बसली आणि पायडल मारू लागली. फार जोरात नाही, बाबा मारायचे तसं. खाट हलली. थोड्या वेळाने बाबांच्या ओठांवर रंग आला.

तेव्हापासून ते मशीन थांबलेलं नाही. कालिंदी आणि तिची आई आलटून पालटून बसतात. कालिंदी शाळेत जात नाही. बाईंना ताप आहे म्हणून कळवलंय. लोक विचारतात, एवढं काय शिवताय, तर आई म्हणते, लग्नसराईचं काम आहे. बाबांचं डोकं ठिकाणावर असलं की ते पडल्या पडल्या म्हणतात, "आयुष्यभर दुसऱ्यांचं शिवलं. आता माझ्यासाठी मशीन चालतंय आणि अंगावर सदरासुद्धा नाही." कुणी हसलं नाही तर ते स्वतः हसतात. आत म्हातारे पोरांना ठेका मोजायला शिकवतात, म्हणजे चुकला तर ती आधी सांगतील. तरीही तो चुकतोच. मधूनमधून भिंती मनाने ठोके द्यायला लागतात, आणि मग पायडल कितीही मारा, कुणी ऐकत नाही. ते आपोआप संपेपर्यंत सगळे वाट बघतात. दर वेळी ते थोडं उशिरा संपतं.

मी शेजारची मंजिरी, म्हणून त्यांनी मला सांगितलं. दोघींचे पाय सुजले आहेत, त्यामुळे आता तिसरं माणूस लागतं. मला एवढ्यासाठीच बसवतात की मी कुणाशी बोलत नाही. कालिंदी म्हणते, सवय झाली की मशीनचा आवाज ऐकूच येत नाही. आमच्या घरात भिंतीपलीकडून तो दिवसरात्र येतो, मलाही आता कळत नाही. तो थांबला तरच कळेल, आणि मघापासून मला असं वाटतंय की

"मंजिरी, ये गं, लवकर."